वाकळेखालची पाटी

मी ती वाकळ म्युझियमला दिली नव्हती. मी फक्त 'तुमचीच आहे' असं म्हणाले होते. आपल्याकडे कुणी साडीचं कौतुक केलं की आपण म्हणतो, 'घ्या की, तुमचीच आहे,' आणि समोरची बाई हसून विषय बदलते. तिनं खरंच साडी उचलून चालायला सुरुवात केली तर आपण तिला वेड्यात काढू. अमेरिकेत येऊन मला दीड वर्ष झालं होतं, पण आपलं हे बोलणं तिथं खरं धरतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. आम्ही मॅसॅच्युसेट्समधल्या एका जुन्या गिरणगावात राहत होतो. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी नदीचं पाणी कालव्यांत वळवून त्यावर कापडगिरण्या चालवल्या होत्या. गिरण्या केव्हाच बंद पडल्या, कालवे राहिले. आमची बिल्डिंग दोन कालव्यांच्या बेचक्यात होती. कुठंही जायचं तर पूल ओलांडायचा, परत यायचं तर तोच पूल ओलांडायचा. हिवाळ्यात कालव्याचं पाणी सोडून देत. मग तळाचा चिखल, गोठलेले टायर आणि एक उलटी पडलेली शॉपिंग कार्ट दिसायची. ती कार्ट मी डिसेंबरपासून मार्चपर्यंत रोज बघितली.

नवरा कॉम्प्युटरच्या कंपनीत इंजिनियर. सकाळी साडेसातला आमची एकुलती एक गाडी घेऊन जायचा, संध्याकाळी सातला यायचा. माझा व्हिसा म्हणजे त्याच्या व्हिसाची शेपटी. नोकरी करायची नाही, शिकायला जायचं तर फी परवडायची नाही आणि ड्रायव्हिंग 'समरमध्ये बघू'. साताऱ्यात मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. वर्गात साठ मुली, आणि मी 'गप्प बसा' म्हटलं की साठच्या साठ गप्प बसायच्या. इथं दिवसभर माझ्याशी बोलायला फक्त रेफ्रिजरेटर होता, आणि तोही मध्येच घुरघुरून गप्प व्हायचा. खिडकीशी उभी राहून मी समोरच्या विटांच्या भिंतीचं मनातल्या मनात शेडिंग करायचे. त्या भिंतीत नऊ प्रकारचे लाल रंग होते. दहावा सापडला त्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसून रडले.

म्युझियममध्ये मी कलेच्या ओढीनं जायला लागले असं सांगायला मला आवडेल, पण ते खोटं आहे. तिथं हीटर असायचा आणि माणसं असायची. चालत जाण्यासारखी तीन म्युझियम होती, तिन्ही आपल्या बँकेच्या शाखेएवढी. पहिलं एका गिरणीच्या हजेरीच्या ऑफिसात. शटल, बॉबिन, पट्टे, आणि चालू स्थितीतला एकच माग. एक म्हातारा माजी कामगार रोज अकराला तो माग सुरू करायचा. सगळी खोली हादरायची, दोन मिनिटांनी तो माग बंद करून म्हणायचा, 'असे दोनशे होते.' त्याला ऐकू कमी यायचं, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं. त्याच इमारतीत वर गिरणीतल्या मुलींची राहायची एक खोली जशीच्या तशी मांडून ठेवली होती. सहा मुलींना तीन खाटा, एक आरसा, आणि भिंतीवर घंटेच्या वेळा. पहाटे उठायची घंटा, जेवायची घंटा, दिवे मालवायची घंटा. बाकीचे बघणारे 'अरेरे' म्हणायचे. मला त्या पोरींचा हेवा वाटायचा. त्यांना निदान कुणीतरी घंटा वाजवून बोलावत होतं.

दुसरं म्युझियम एका चर्चच्या तळघरात, लेस आणि बाहुल्यांचं. ते आठवड्यातून दोनच दिवस उघडं. तिसरं गोधड्यांचं.

मला पहिल्यांदा हसूच आलं. गोधड्यांचं म्युझियम! आमच्याकडे पाहुणे आले की गोधड्या कपाटामागे ढकलायच्या आणि ब्लँकेटं बाहेर काढायची. इथं त्या भिंतीवर टांगलेल्या, मंद दिव्यात, उजेडानं रंग विटू नयेत म्हणून. खाली छोट्या पाट्या. कुठल्या काळातली, कुठल्या गावातली, कुणी केलेली. पण बहुतेक पाट्यांवर 'कुणी केली' याच्यापुढं 'अज्ञात' असंच होतं.

बुधवारी तिथं एक बाई बसायच्या. सत्तरीच्या, उंच, चष्म्याला साखळी, कोपरावर विरलेलं स्वेटर. निवृत्त शिक्षिका होत्या, त्यामुळे मी मनात त्यांना 'बाई'च म्हणायला लागले. त्या पगाराशिवाय काम करतात हे कळल्यावर मला त्यांच्याविषयी आधी आदर वाटला आणि मग राग आला. मीही पगाराशिवायच बसले होते, पण मला कुणी टेबल दिलं नव्हतं. मी गेले की बाई पांढरे हातमोजे घालून एखाद्या गोधडीचा कोपरा उलटा करून दाखवायच्या. इंचाला किती टाके ते मोजायच्या. 'बघ, बारा!' मी म्हणायचे, 'वा.' एका बुधवारी मी म्हणून गेले की माझ्याकडेही एक आहे. बाई खुर्चीतून उठल्याच.

माझ्याकडे होती ती माझ्या सासूबाईंची वाकळ. कऱ्हाडच्या बाजूला त्यांचं गाव, तिथं गोधडीला वाकळ म्हणतात. अमेरिकेला निघताना माझ्या बॅगेत वर्गातल्या मुलींची निवडक चित्रं होती, माझ्या स्वतःच्या स्केचेसची गुंडाळी होती, रंगांचा डबा होता. निघायच्या आदल्या संध्याकाळी सासूबाई वाकळ घेऊन आल्या. बॅग उघडी होती. त्यांनी कुणाला विचारलं नाही. गुंडाळी बाहेर, डबा बाहेर, वाकळ आत.

'तिथं बरफ पडतोय म्हणं,' त्या म्हणाल्या. 'चित्रांनी ऊब येत न्हाई.'

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पट्टा आवळून बॅग बंद करत होता. नव्या सुनेला बोलायची सोय नसते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी दीड वर्ष ती वाकळ पांघरली नाही. कपाटाच्या वरच्या फळीवर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली होती आणि कपाट उघडलं की दर वेळी माझं डोकं उठायचं.

फेब्रुवारीत म्युझियमनं एक दिवस ठेवला होता. लोकांनी आपापल्या घरच्या जुन्या गोधड्या घेऊन यायच्या, तिथल्या जाणकार बाया बघून त्यांची नोंद करणार. बाईंनी मला तीनदा आठवण करून दिली होती. मी जाणार नव्हते. पण त्याच सकाळी गावाहून पत्र आलं, सासूबाईंच्या पुतणीच्या हस्ताक्षरात, सासूबाईंच्या तोंडचं. पत्रात नेहमीचंच. अजून काही बातमी कशी नाही, माझ्या थोरल्या जावेच्या बहिणीला जुळं झालं, आणि शेवटी 'वाकळ वापरता का?' मी पत्र तसंच टेबलावर टाकलं, वाकळ काळ्या कचऱ्याच्या पिशवीत भरली आणि बर्फातून चालत निघाले. पुलावर क्षणभर वाटलं, टाकावी खाली, त्या शॉपिंग कार्टच्या शेजारी.

म्युझियममध्ये लांब टेबलावर ती पसरली आणि आजूबाजूच्या बाया एकेक करून गोळा झाल्या. खरं सांगते, मीही ती त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. मध्ये इरकली लुगड्याचा काळसर जांभळा, त्याला चोळीच्या खणांची हिरवी-लाल चौकट, मग विटलेला गुलाबी, मग कुणाच्या तरी पटक्याचा केशरी. टाके काठापासून सुरू झालेले आणि चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत गेलेले, कुठं न तुटता. पट्टी नाही, खडूची रेघ नाही. चित्रकलेच्या परीक्षेत मी त्या रंगांना पैकीच्या पैकी दिले असते. बाईंनी टाके मोजले, इंचाला चार, आणि पहिल्यांदाच आकड्याबद्दल काही बोलल्या नाहीत. त्यांनी हातमोजे काढले आणि उघड्या तळव्यानं वाकळ चाचपली.

'किती सुंदर आहे,' त्या म्हणाल्या.

'प्लीज,' मी म्हणाले, 'इट इज युवर्स ओन्ली.'

बाईंचे डोळे भरून आले. बाजूच्या बायांनी टाळ्या वाजवल्या. मी हसत उभी. मला वाटलं, किती रसिक लोक! तेवढ्यात एकीनं छापील कागद आणला. कागदावर काय लिहिलंय ते मला वाचता येत होतं. 'देणगी' हा शब्द मला कळत होता. त्या क्षणी 'नाही हो, तसं नव्हतं म्हणायचं' एवढं सांगितलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण सात-आठ बाया कौतुकानं बघत असताना दिलेलं परत मागायचं? माझ्या आईनं मला तसं वाढवलं नव्हतं. आणि आत कुठंतरी, का खोटं बोलू, बरंही वाटत होतं. गेली ब्याद.

बाईंनी पेन उघडलं. 'कुणी केली ही?'

मी सहज सांगू शकले असते. सासूबाईंचं नाव मला पाठ होतं, नवऱ्याच्या पासपोर्टच्या फॉर्मवर, लग्नपत्रिकेवर वाचलं होतं. पण बॅगेतून बाहेर काढलेली माझी गुंडाळी मला त्या वेळी दिसत होती.

'माहीत नाही,' मी म्हणाले. 'नवऱ्याच्या गावातली कुणी म्हातारी.'

बाईंनी मान डोलावली आणि लिहिलं.

नंतर कळलं की किडे मरावेत म्हणून तिथं नव्या गोधडीला आधी हवाबंद पिशवीत घालून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवतात. थंडीसाठी आणलेली वाकळ, आणि तिला फ्रीझर. हे नवऱ्याला सांगताना मी हसत होते. तो हसला नाही. हातातला चमचा खाली ठेवून त्यानं विचारलं, 'दिलीस म्हणजे? फॉर गुड?'

'तुम्हाला तरी कुठं लागत होती?'

'अगं, तो केशरी आजोबांच्या पटक्याचा होता,' तो म्हणाला आणि टीव्हीपुढं जाऊन बसला. आमची भांडणं अशीच व्हायची. एक वाक्य, मग टीव्ही.

एप्रिलमध्ये वाकळ भिंतीवर लागली, पुढं काचेची चौकट. पाटीवर इंग्रजीत चार ओळी. गोधडी. भारत. वापरलेल्या साड्या. करणारी अज्ञात.

आणि मे महिन्यात फोन आला की सासूबाई येतायत. जूनमध्ये, सहा महिन्यांसाठी. सासरे म्हशी सोडून येणार नव्हते.

बुधवारी मी बाईंकडे गेले. वाकळ परत मागायची वाक्यं घरून पाठ करून गेले होते. बाईंनी मला बघितल्याबरोबर हात धरून वाकळेच्या मागच्या बाजूचा फोटो दाखवला. एका कोपऱ्यात कापडी पट्टीवर नंबर लिहून ती पट्टी अगदी बारीक टाक्यांनी शिवली होती. 'हे मी स्वतः शिवलं,' बाई म्हणाल्या. 'आता ही कधीही हरवणार नाही.' मी 'थँक यू' म्हणाले. आणखी काय म्हणणार? पूल ओलांडून घरी आले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शेवटी तोडगा नवऱ्यानं काढला. 'टेन्शन घेऊ नको यार. म्युझियमवाल्यांनी रिक्वेस्ट केली, आपण नाही म्हणू शकलो नाही, असं सांगू. आईला प्राउड वाटेल.' त्यानं पाटी वाचलेली नव्हती. तो त्या म्युझियममध्ये कधी आलाच नव्हता. आणि मी त्याला ते सांगितलं नाही. नवऱ्याच्या आईला मी 'गावातली कुणी म्हातारी' म्हटलं, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

सासूबाई आल्या. विमानतळावर नऊवारी, पायात मुलानं पाठवलेले पांढरे बूट, कमरेला कापडी पिशवी. त्यात पासपोर्ट. वाटेत कुणीतरी सांगितलं होतं, अमेरिकेत पासपोर्ट अंगावेगळा करू नका. त्या तो झोपतानासुद्धा उशाखाली ठेवायच्या. घरी येऊन पाणी प्यायल्या आणि तिसरं वाक्य, 'वाकळ कुटं हाय?'

नवऱ्यानं रंगवून सांगितलं. मोठं म्युझियम, मोठे लोक, हात जोडून मागितली. सासूबाई ऐकत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. 'माजी वाकळ? टांगली हाय?'

'हो, आई. काचेत.'

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून गावाला पत्र लिहायला लावलं. सगळ्यांना कळवलं. थोरल्या जावेला वेगळं. मी त्यांच्या तोंडचं लिहीत होते, 'इथल्या सरकारनं माझी वाकळ मांडून ठेवली आहे, खाली माझं नाव लिहिलं आहे.'

'नाव लिवत असतील न्हवं?' त्यांनी विचारलं.

'लिहितात,' मी म्हणाले आणि ओळ पुरी केली.

मग आम्ही दोघी त्या घरात. सकाळी साडेसात ते संध्याकाळी सात. आधी एक कैदी होता, आता दोन. सासूबाई भिंतीला टेकून खाली बसायच्या, कारण सोफ्यात बुडाल्यासारखं होतं. ज्वारीचं पीठ मिळत नव्हतं म्हणून गव्हाच्या पिठाच्या भाकरी थापायचा प्रयत्न करायच्या आणि त्या पिठाला शिव्या द्यायच्या. खिडकीतून गाड्या बघायच्या आणि विचारायच्या, 'ही मानसं जात्यात कुटं?' खाली उतरून रस्त्यावर अनोळखी बाईला थांबवून 'बरं हाय का?' विचारलं, ती घाबरून पलीकडच्या फुटपाथवर गेली. त्यानंतर खाली उतरायचं बंद झालं. आयुष्यभर पहाटेपासून गोठ्यात, शेतात राबलेली बाई हळूहळू जागच्या जागी बसायला लागली. एकदा दुपारी मी वळून पाहिलं तर त्या त्याच विटांच्या भिंतीकडे बघत होत्या. मला त्यांची दया यायला हवी होती. माझ्या मनात आलं, बघा आता.

आणि रोज एक प्रश्न. 'वाकळ बगायला कवा जायचं?'

म्युझियम बंद आहे, म्हणाले. मग सुट्ट्या आहेत, मग दुरुस्ती चालू आहे, मग ऊन फार आहे. तिथं घेऊन गेलं तर पाटी, आणि नाही नेलं तर हा रोजचा प्रश्न. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ऑगस्टमध्ये मी स्वतःला समजावलं की त्यांना कुठं इंग्रजी वाचता येतं. मराठीसुद्धा येत नाही. पाटी मीच वाचणार, मग मी काय वाचायचं ते माझ्या हातात. हा विचार सुचल्यावर मला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी मी शिरा केला.

मुद्दाम गुरुवार निवडला, बाई नसतील असा. ऊन होतं म्हणून बसनं गेलो. सासूबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, डोक्यावर पदर. आत शिरल्याबरोबर त्यांनी देवळात काढतात तसे बूट काढायला सुरुवात केली, मी थांबवलं. पहिल्या खोलीतल्या गोधड्या त्यांनी सावकाश पाहिल्या. 'टाकं बारीक हायती. बसून काम केलेलं दिसतंय, शेताला जायाचं नसंल.' दुसऱ्या खोलीत समोरच ती होती.

सासूबाई काचेपुढं उभ्या राहिल्या. किती वेळ ते सांगता येणार नाही. मी तोवर बाकीच्या तीन भिंती बघून परत आले.

'वरची बाजू खाली टांगली हाय,' त्या म्हणाल्या. मग बोटानं हवेतच दाखवायला लागल्या. हे पहिल्या पंचमीचं लुगडं. हा सासऱ्यांचा पटका. हे हिरवं धाकटीच्या बारशाच्या चोळीचं, ती दीड वर्षाची होऊन गेली. मला त्यांना मुलगी झाली होती हे माहीत नव्हतं. तीन वर्षं त्या घरची सून होते आणि मला हे कुणी सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. 'उन्हाळ्यात घातली ही. चारी कोपऱ्यांवर दगड ठिवलं आन् बसले. कुनी आलं न्हाई मदतीला. एकटीनं.'

मग पाटीकडे बोट केलं. 'वाच.'

मी वाचलं. माझा आवाज चांगला होता, वर्गात वाचायचे तसं वाचलं. 'गोधडी. भारत देश, सातारा जिल्हा. जुन्या लुगड्यांची. करणाऱ्या बाईंचं नाव,' आणि त्यांचं नाव घेतलं. सासऱ्यांच्या नावासकट, आडनावासकट, गावासकट. चार ओळींत एवढं सगळं कुठून आलं, असं त्यांनी विचारलं नाही. पाटीपाशी वाकून त्यांनी चेहरा काचेजवळ नेला. श्वासानं काच धुरकट झाली ती पदरानं पुसली. परत पाहिलं.

'चल,' म्हणाल्या.

बसमध्ये त्या खिडकीपाशी बसल्या. दोन पूल गेले. मला वाटत होतं, सुटले. मी त्यांना कालवा दाखवला, पाणी कसं दारं लावून अडवतात ते सांगितलं. त्यांनी कमरेची पिशवी सोडून पासपोर्ट काढला आणि सहीचं पान उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. तिथं त्यांचं नाव होतं, इंग्रजीत, वाकड्यातिकड्या अक्षरांत, शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलेलं.

'अंगठा नको म्हनाला त्यो पासपोर्टवाला. सायबाच्या देशात जायाचं तर सायबाच्या अक्षरात सही पायजे. दोन म्हैनं पुतनीनं पाटीवर गिरवून घेतलं. बाकी कायबी येत न्हाई मला. येवढंच येतंय.' त्यांनी सहीवर बोट ठेवलं. 'ह्ये तिथं न्हवतं.'

सांगायला खूप खोटं तयार होतं. अक्षरं वेगळ्या वळणाची आहेत, त्यांनी दुसऱ्या पाटीवर लिहिलंय. त्यातलं एकही तोंडातून बाहेर येईना.

'का न्हाई लिवलं?'

'मी सांगितलं नाही,' मी म्हणाले. 'त्यांनी विचारलं होतं. मला तुमचा राग आला होता.'

ड्रायव्हरनं आमचा थांबा पुकारला. सासूबाईंनी पासपोर्ट मिटून पिशवीत ठेवला, नाडी आवळली. त्या रडतील, नाहीतर मला शिव्या तरी देतील, असं मला वाटत होतं. दोन्ही चाललं असतं. त्या उठून उभ्या राहिल्या.

'वाचलंस तर झ्याक,' त्या म्हणाल्या. 'आता जसं वाचलंस तसं लिवून घे.'

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मुलाला काहीच सांगितलं नाही, त्याच्यासमोर नेहमीसारख्या वागत होत्या. सहा दिवस त्या घरात आम्ही दोघी बारा-बारा तास, आणि एक शब्द नाही. त्या आधीच्या दोन वर्षांत मी कोंडले गेले होते असं मला वाटत होतं, पण ते काहीच नव्हतं.

बुधवारी मी बाईंकडे गेले. दार उघडायच्या आधीच पायरीवर उभी होते. बाईंना म्हटलं, मी खोटं बोलले. ती कुणी म्हातारी नाही, माझ्या नवऱ्याची आई आहे. तिचं नाव मला माहीत होतं. बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं आता विचारतील, का. त्यांनी खोलीभर टांगलेल्या गोधड्यांकडे एकवार पाहिलं, सगळ्या 'अज्ञात' पाट्यांकडे, आणि म्हणाल्या, 'यातल्या किती जणींच्या सुना इथं येऊन गेल्या असतील कोण जाणे.' मग टाइपरायटरमध्ये नवं कार्ड चढवलं आणि मला एकेक अक्षर सांगायला लावलं. सासूबाईंचं नाव मी इथं लिहीत नाही. जिथं लिहायचं होतं तिथं ते लिहिलेलं आहे.

संध्याकाळी मी सासूबाईंना म्हणाले, 'लिहिलं, आई.'

त्यांनी मान हलवली, हो नाही आणि नाहीही नाही.

दुसऱ्या दिवशी परत बसनं गेलो. पहिल्या खोलीत त्या थांबल्या नाहीत. वाकळेकडेही पाहिलं नाही. सरळ पाटीसमोर जाऊन कमरेची पिशवी सोडली, पासपोर्ट काढला, सहीचं पान काचेला टेकवून धरलं. एक बोट पासपोर्टवर, एक बोट काचेवर. एक अक्षर बघायच्या, मग दुसरं. मधलं एक अक्षर टाइप केल्यामुळे वेगळं दिसत होतं, तिथं अडल्या. मी 'तेच आहे आई, ते तसंच...' म्हणायला लागले.

'तू गप,' त्या म्हणाल्या. 'मी बगतीया.'

मी गप्प बसले. त्यांनी पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली.